रीलमधला बिडाचा तवा : अंडं घसरायच्या आधीचे पंधरा दिवस

इन्स्टाग्रामवर एकदा घावनाचा किंवा डोशाचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला की पुढचे आठ दिवस बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा पाठ सोडत नाही. रीलही ठरलेलं. काळाभोर तवा, त्यावर फोडलेलं अंडं, तवा जरा तिरका केला की अंडं घसरगुंडीवरून उतरल्यासारखं ताटात. वर अक्षरं झळकतात : ‘आजीचं भांडं परत आणा, नॉनस्टिक फेकून द्या.’ खाली खरेदीची लिंक.

हे परीक्षण एका कुठल्या कंपनीचं नाही, या तव्याच्या प्रकाराचं आहे. कारण रीलमधून विकले जाणारे बहुतेक बिडाचे तवे एकाच पद्धतीने तयार होतात : वाळूच्या साच्यात वितळलेलं बीड ओतायचं, थंड झाल्यावर कडा घासायच्या, तेलाचा हात देऊन भाजायचं. नावं वेगळी, खोकी वेगळी. खरा फरक पडतो जाडी, वजन, घासकाम आणि तेलाचा थर या चार गोष्टींत, आणि नेमक्या याच चार गोष्टी रीलमध्ये दिसत नाहीत.

निकाल आधीच सांगतो. घावन, आंबोळी, डोसा, धिरडं, थालीपीठ यांसाठी जरूर घ्या. या पदार्थांना याहून चांगला तवा नाही. पोळी आणि भाकरीसाठी घेणार असाल तर घरातला पत्र्याचा लोखंडी तवाच बरा. पोळी करताना आच सतत कमी-जास्त करावी लागते. पातळ पत्रा लगेच ऐकतो. बीड पाच मिनिटांनी ऐकतं, तोवर दोन पोळ्या करपलेल्या असतात.

 बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो. पत्र्याच्या तव्याच्या लोखंडात पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. या जास्तीच्या कार्बनमुळे बीड सहज ओतता येतं, पण ठिसूळही होतं. पत्र्याचा तवा पडला तर पोचा येतो, बिडाचा पडला तर तडा जातो किंवा दांडा तुटतो. हे एवढं लक्षात ठेवलं की वापराचे निम्मे नियम आपोआप कळतात.

आता वजन. रीलमध्ये तवा एका हाताने फुलासारखा उचलतात. हिशेब करून बघा. बिडाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ७.२ ग्रॅम. दहा इंची, म्हणजे २५-२६ सेंमी व्यासाचा, ४ मिमी जाड तवा दांडा सोडून दीड किलोच्या आसपास भरतो. तोच ५ मिमी जाड असेल तर एक किलो नऊशे. बारा इंची आणि ५ मिमी असेल तर अडीच किलोच्या वर, दांडा वेगळा. हा हिशेब खरेदीच्या वेळी फार कामाला येतो. पानावर ‘१२ इंच, ५ मिमी’ लिहिलंय आणि वजन दीड किलो, तर दोन्हींपैकी एक आकडा खोटा आहे. वजन लिहिलंच नसेल तर मेसेज करून विचारा. उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नका. चार माणसांच्या घराला दहा इंची पुरतो. बारा इंची दिसायला देखणा, पण घरगुती शेगडीच्या मधल्या बर्नरवर त्याच्या कडा धड तापत नाहीत, आणि काचेच्या शेगडीवर असा मोठा तवा तासभर ठेवला तर परतणारी धग काचेला आणि बटणांना लागते.

मनगट दुखत असेल तर लांब दांड्याऐवजी दोन बाजूंना कान असलेला घ्या. दोन किलोचा तवा एका दांड्यावर तोलणं म्हणजे सगळा भार मनगटावर. कान असो की दांडा, बिडाचाच असेल तर तो तापणार. जाड फडकं हाताशी हवंच. लाकडी मुठीचे तवेही दिसतात, पण मूठ स्क्रूने बसवलेली असते. तो स्क्रू सैल होतो आणि तापल्यावर मूठ कलते.

माल हातात आल्यावर काय बघायचं? खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ आधी घ्या, कारण तुटलेल्या मालाची तक्रार करताना बहुतेक विक्रेते तोच मागतात. कुरिअरमध्ये पहिला मार कडेला आणि दांड्याच्या सांध्याला बसतो. तिथे बोट फिरवून केसाएवढी भेग आहे का ते चाचपा. मग तव्याच्या तोंडावर पोलादी पट्टी उभी धरून प्रकाशाकडे बघा. डोशाच्या सपाट तव्यात मध्ये खोलगट किंवा फुगीर भाग नको, नाहीतर पीठ एकीकडे वाहतं. सुईच्या टोकाएवढी भोकं चार-दोन असली तर चालतात, डाळीच्या दाण्याएवढी असतील तर परत करा. पीठ तिथेच अडकून जळतं.

लोहचुंबक लावून दाखवणाऱ्या रीलना हसा. चुंबक बिडालाही चिकटतं, पत्र्यालाही. ओळखायचंच असेल तर तवा दोरीला टांगून लाकडी चमच्याने वाजवा. पत्रा घणघणतो, बिडाचा आवाज दबका येतो आणि लगेच विरतो. शिवाय मागच्या बाजूला वाळूच्या साच्याचा बारीक रवाळपणा दिसतो.

एक फसवणूक मात्र खरी आहे : काळा रंग. तेलाचा थर आणि रंग यांत फरक करायला कोमट साबणाचं पाणी आणि पांढरं फडकं पुरे. तेलाच्या थराचा तपकिरी-काळसर डाग पडतो. रंग असेल तर तवा तापवल्यावर ऑइलपेंटचा तिखट वास येतो आणि नखाने पापुद्रा निघतो. वास आला की त्यावर काही शिजवू नका, परत पाठवा.

इथून पुढे मुद्द्याची गोष्ट. ‘प्री-सीझन्ड, लगेच वापरा’ असं खोक्यावर असतं. ते पूर्ण खोटं नाही, पण त्याचा अर्थ इतकाच की कारखान्यात तेलाचे एक-दोन हात दिलेत, म्हणजे लगेच गंज धरणार नाही. घावन सुटेल असा त्याचा अर्थ नाही. तेल पातळ पसरून भरपूर तापवलं की हवेतल्या प्राणवायूशी जुळून त्याची साखळी बनते आणि लोखंडाला घट्ट धरणारा कडक थर तयार होतो. लोक याला सीझनिंग म्हणतात, घरात ‘तवा मुरला’ म्हणतात. असे बरेच थर एकावर एक चढले की अंडं घसरतं. रीलमध्ये दिसतो तो असाच मुरलेला तवा, त्यावर सढळ हाताने लोणी, आणि नेमका हवा तो क्षण कापून लावलेला.

तेल कुठलं, यावरही रीलवाल्यांची भांडणं चालतात. थर धरण्याची ताकद तेलाच्या आयोडीन मूल्यावरून कळते; हा आकडा जितका मोठा, तितकं तेल लवकर सुकून थर धरतं. जवसाचं १७० ते २००, सूर्यफूल आणि सोयाबीनचं १२० ते १४० च्या आसपास, शेंगदाण्याचं ८५ ते १०५, खोबरेलाचं जेमतेम ६ ते ११. म्हणून खोबरेल आणि तूप मुरवायला निकामी; थर नीट चढत नाही, ओशटपणा राहतो. जवसाचं सगळ्यांत पटकन धरतं, म्हणून रीलमध्ये त्याचा गाजावाजा. पण त्याचा थर कडक आणि ठिसूळ होतो आणि काही महिन्यांनी खपल्या उडतात. साधं रिफाइंड सूर्यफूल किंवा सोयाबीन वापरा. घाण्याचं शेंगदाण्याचं तेल जेवायला उत्तम, पण मुरवताना लवकर धुरकटतं.

घरी ओव्हन नसला तरी गॅसवर मुरवता येतं. रीत अशी :

१. तवा कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण आणि काथ्याने घासा. लगेच पुसा आणि मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ठेवून पूर्ण कोरडा करा.

२. तवा हाताला सोसवेल इतका गरम असताना अर्धा चहाचा चमचा तेल, म्हणजे दोन-अडीच मिली, टाकून आतून-बाहेरून, दांड्याला, सगळीकडे चोळा.

३. आता स्वच्छ सुती फडक्याने ते तेल पुसून काढा. चुकून लावलं होतं असं समजून पुसा. तवा कोरडा दिसला पाहिजे. सगळी रीत या पायरीवर उभी आहे, आणि चुकते ती इथेच.

४. आधी मंद, मग मध्यम आचेवर ठेवा. धूर निघायला लागला की आणखी आठ-दहा मिनिटं. खिडकी उघडी, पंखा किंवा चिमणी चालू. तवा दर दोन मिनिटांनी पाव फेरा फिरवा, म्हणजे कडांनाही धग लागेल. थंड बिडाला एकदम मोठी आच दिली तर तडा जाऊ शकतो.

५. गॅस बंद करून तवा आपोआप थंड होऊ द्या. मग पुन्हा दुसऱ्या पायरीपासून. असे चार ते सहा हात द्या, एका दिवसात किंवा दोन दिवसांत.

थर चिकट झाला, बोटाला गोंदासारखा लागला, तर तेल जास्त झालं होतं. वर आणखी तेल लावू नका. तोच तवा पुन्हा धुरापर्यंत तापवा, बहुतेक वेळा चिकटपणा जातो. गेला नाही तर काथ्याने घासून एक हात नव्याने द्या. ठिपके-ठिपके दिसले तरी तेच कारण. थर सारखा पण तपकिरी असेल तर काहीच बिघडलेलं नाही, काळा रंग वापरानेच येतो.

काही रीलमध्ये नवा तवा ग्राइंडर लावून आरशासारखा गुळगुळीत करतात. गरज नसते. कडेला टोचणारे कंगोरे असतील तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने ते मोडा आणि वरून १२० फिरवा, बस. फार चकचकीत केलेल्या बिडावर तेलाचा थर धरायला जागाच राहत नाही आणि तो सोलून निघतो.

पुढचे पंधरा दिवस काय करायचं, यावर सगळं अवलंबून आहे. पहिल्यांदा थालीपिठं लावा. मधोमध आणि भोवती भोकं पाडून तेल सोडायची आपली पद्धत तव्याला मुरवायला जणू मुद्दाम शोधलेली आहे. मात्र एक अडचण. थालीपीठ थंड तव्यावर थापायची सवय असेल तर बीड त्रास देतं, कारण दोन किलोचा तवा निवायला वीस मिनिटंही लागतात. घाई करून नळाखाली धरलात तर तडा. ओल्या फडक्यावर किंवा केळीच्या पानावर थापा आणि गरम तव्यावर उलटं टाका. थालीपिठांनंतर धिरडी, मग आंबोळ्या, मग घावन. अंडं सगळ्यांत शेवटी. या काळात टोमॅटो, चिंच, कोकम, लिंबू, ताक घातलेलं काही तव्यावर नको. आंबट पदार्थ कोवळा थर खातो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते. टोमॅटो ऑम्लेट महिनाभर थांबू शकतं.

घावन आणि डोसा एकाच आचेवर करू बघणं ही नेहमीची चूक. घावनाचं पीठ पाण्यासारखं, एक वाटी तांदळाच्या पिठाला साधारण दोन वाट्या पाणी आणि मीठ. ते पसरवायचं नसतं, कडेकडून आत ओतायचं असतं. जाळी पडायला तवा कडकडीत हवा. पाण्याचा थेंब टाकला की तो नुसता चुरचुरून आटता कामा नये, गोळी होऊन तव्यावर पळाला पाहिजे. पीठ तळाशी बसतं, म्हणून दर घावनाआधी पळीने ढवळा. झाकण ठेवा; कडा आपणहून सुटल्या की मगच उलथणं लावा. कडा सुटायच्या आधी खरवडणं म्हणजे घावन आणि थर दोन्ही घालवणं.

डोशाला उलट. तवा फार तापला असेल तर पीठ पसरण्याऐवजी पळीलाच गोळा होऊन वर येतं. पाण्याचे चार-पाच थेंब शिंपडून पुसलं की तेवढ्यापुरता वरचा ताप उतरतो. शिंपडायचं, पेलाभर ओतायचं नाही. तेल लावायला सिलिकॉनचा ब्रश नको, अशा आचेवर तो टिकत नाही. कांद्याची अर्धी फोड, वांग्याचा देठ किंवा कोकणात वापरतात ती नारळाची शेंडी, यांतलं काहीही घ्या. तेल हवं तेवढंच लागतं आणि सारखं पसरतं.

रीलमधला ‘बीड सगळीकडे सारखं तापतं’ हा दावा चुकीचा आहे. उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियम बिडाच्या चार-पाचपट चांगलं. बिडाचं बळ उष्णता साठवण्यात आहे, आणि तेही जडपणामुळे. थंड पीठ पडलं तरी तवा विझत नाही, म्हणून घावनाला जाळी पडते. पण छोट्या बर्नरवर मध्ये कडक आणि कडेला कोमट, असंच होणार. उपाय एवढाच : मोठा बर्नर, मंद ते मध्यम आच, आणि पीठ टाकायच्या आधी सहा-आठ मिनिटं धीर. इंडक्शनवर चालतो, पण सुरुवात सर्वांत कमी आकड्यावर करा आणि काचेवरून तवा सरकवू नका. रवाळ बुडाने काचेवर ओरखडे उठतात.

आता आरोग्याचे दावे. बिडातून अन्नात लोह उतरतं, हे खरं. पण ते उतरतं आंबट, पातळ आणि बराच वेळ शिजणाऱ्या पदार्थात, जसं बिडाच्या कढईतली आमटी. मुरलेल्या तव्यावर दोन मिनिटं राहणाऱ्या डोशात ते नगण्य असतं. त्यामुळे ‘या तव्याने हिमोग्लोबिन वाढतं’ म्हणणाऱ्याला रस्त्यावर औषध विकणाऱ्याइतकाच भाव द्या. उलट थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त घ्यावं लागणाऱ्यांच्या शरीरात लोह साचतं. त्यांच्या घरी बिडाच्या कढईत आंबट शिजवायच्या आधी डॉक्टरांना विचारावं.

नॉनस्टिकला सरसकट विष म्हणणंही तितकंच ताणलेलं. टेफ्लॉनचा लेप सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडायला लागतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर ही मर्यादा काही मिनिटांत ओलांडली जाते. मंद आचेवर अंडं करायला त्याला अडचण नाही. घावनाला लागणारी कडक आच मात्र त्याच्यासाठी नव्हेच, आणि बीड घ्यायचं खरं कारण हे आहे.

धुण्याबद्दल : ‘साबण अजिबात लावू नका’ हा नियम जुन्या, तीव्र क्षाराच्या साबणाच्या काळातला. आजचा सौम्य भांडी-साबण कडक झालेला थर काढत नाही. थर काढते ती तारेची घासणी. भांडी घासायला मावशी येत असतील तर तवा सिंकमध्ये ठेवूच नका. कितीतरी मुरलेले तवे एका सकाळच्या मन लावून केलेल्या घासकामात पांढरे झाले आहेत. काथ्या आणि कोमट पाणी पुरतं. पाण्यात भिजत ठेवायचा नाही. पुसून दोन मिनिटं आचेवर, मग तेलाचे दोन-तीन थेंब चोळून पुसायचे. जास्त तेल राहिलं तर आठवड्यात खवट वास येतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तवा वर्तमानपत्रात गुंडाळून कोरड्या फळीवर ठेवा.

गंज धरलाच तर घाबरू नका. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन अर्धा तास, त्याहून फार नाही. जास्त ठेवलं तर आम्ल गंजाबरोबर लोखंडही खातं. मग घासा, धुवा, लगेच कोरडा करा आणि मुरवायची रीत पहिल्यापासून.

किमतीचं बघायचं तर ऑनलाइन दहा इंची तवा साधारण ८०० ते १,५०० रुपयांत मिळतो. तुलना करताना किंमत भागिले वजन काढा. सुंदर खोक्याचे किती पैसे घेतलेत ते लगेच कळतं. आठवडी बाजारात किंवा जत्रेतल्या भांड्यांच्या पालावर बिनानावाचा तवा याहून स्वस्तात मिळू शकतो. तिथे तो हातात घेऊन, वाजवून, पट्टी लावून निवडता येतो, हा मोठा फायदा. मुरवायचं काम दोन्हीकडे सारखंच.

रीलमधून घेणारच असाल तर दोन गोष्टी तपासा. तवा दाखवणाऱ्याला पैसे किंवा फुकट तवा मिळाला असेल तर तसं स्पष्ट सांगणं केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अपेक्षित आहे. ‘जाहिरात’ किंवा ‘पेड पार्टनरशिप’ असं कुठे दिसतं का बघा. आणि विक्रेत्याचा पूर्ण पत्ता व तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव पानावर आहे का ते बघा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला हवं. नुसता व्हॉट्सॲप नंबर आणि क्यूआर कोड असेल तर पैसे आधी पाठवू नका. तुटका माल आला आणि समोरचा गप्प बसला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. बिल, पेमेंटची पावती आणि खोकं उघडतानाचा व्हिडिओ जवळ ठेवा.

तडा गेलेला तवा वेल्डिंगवाल्याकडे नेण्यात अर्थ नाही. बिडाला साधं वेल्डिंग धरत नाही. धरलंच तर पुढच्या तापाला शेजारीच नवी भेग पडते. भंगारवाल्याला देताना मात्र तो पत्र्यात मिसळू नका. बिडाचा भाव वेगळा लागतो.